सरांनी आधी हात लावायला सांगितलं

पन्नास मिलिलिटर पाणी आणि पन्नास मिलिलिटर स्पिरिट एकत्र केलं तर शंभर मिलिलिटर होत नाही, हे मी आपल्या शाळेत शिकलो. साखर कारखान्याचा परिसर, गळीत हंगामात वर्गापर्यंत येणारा मळीचा वास, निम्म्या मुलांचे वडील कारखान्यात नाहीतर डिस्टिलरीत. स्पिरिट आम्हाला ऐकून माहीत होतं. ते पाण्याशी काय करतं ते मात्र विज्ञानाच्या सरांनी दाखवलं.

मोजपात्रात पातळी ९७ च्या रेषेजवळ आली. पण आकडा वाचायच्या आधी सरांनी आम्हाला काचेला हात लावायला सांगितलं. काच कोमट होती. मिश्रण सहा-सात अंशांनी तापतं आणि तापल्यामुळे थोडं फुगतं. म्हणून ते गार होईपर्यंत सरांनी कोणाला आकडा लिहू दिला नाही.

घट कशी झाली याचं उत्तर बहुतेक ठिकाणी खडी आणि वाळूच्या उदाहरणानं देतात : वाळू खडीच्या फटींत बसते, म्हणून एकूण जागा कमी लागते. सरांनीही तेच सांगितलं. मग विचारलं, “पण खडीत वाळू ओतली तर घमेलं गरम होतं का रे?” आजही मला हा प्रश्न त्या सगळ्या तासाहून मोठा वाटतो. पुढे रसायनशास्त्र घेतलं, डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, ती याच प्रश्नाच्या ओढीनं.

ऊब येते ती रेणूंच्या आपसातल्या ओढीतून. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. स्पिरिटमधलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्यासारखं, तेही असा बंध करतं. दुसरं टोक म्हणजे कार्बन-हायड्रोजनची शेपटी, तिला पाण्याशी बंध करता येत नाही. मिश्रणात जुने बंध तुटतात, नवे जुळतात, त्या शेपटीभोवती पाणी नव्यानं रचून बसतं. हिशेब जमेकडे झुकला की उष्णता बाहेर पडते. १९४५ मध्ये फ्रँक आणि इव्हान्स या शास्त्रज्ञांनी कल्पना मांडली की शेपटीभोवतालचं पाणी जणू बर्फासारखी मांडणी करतं. बरीच वर्षं तीच शिकवली गेली. २००२ मध्ये मेथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणावर न्यूट्रॉन सोडून रचना तपासली, तेव्हा निराळंच चित्र निघालं. डोळ्यांना एकजीव दिसणारं ते मिश्रण रेणूंच्या पातळीवर पुरतं मिसळलेलंच नव्हतं. पाण्याचे पुंजके तसेच टिकून होते आणि त्यांची आतली रचना शुद्ध पाण्याहून फारशी वेगळी नव्हती. हे वाचलं त्या दिवशी सरांची फार आठवण आली. त्यांना ते दाखवायचं राहून गेलं.

मेंडेलेव्ह आपल्याला आवर्तसारणीमुळे माहीत. त्यांचा १८६५ चा डॉक्टरेटचा प्रबंध पाणी आणि अल्कोहोलच्या संयोगावरच होता. त्यांनीच व्होडकाचं प्रमाण चाळीस टक्के ठरवलं ही गोष्ट मात्र दंतकथा. ते प्रमाण रशियात आधीपासून होतं.

नोकरीत हेच ज्ञान रोज लागलं. अल्कोहोल उष्णतेनं पाण्याच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. दहा हजार लिटर शुद्ध अल्कोहोल दहा अंशांनी तापलं की शंभर लिटरहून जास्त फुगतं. सकाळी भरलेला टँकर दुपारी मोजला तर आकडा जुळणार कसा? म्हणून घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरशेजारी थर्मामीटर असायलाच हवा आणि तापमानाच्या तक्त्याशिवाय नोंद करायची नाही. नुसतं ऊर्ध्वपातन करत राहिलं, तर अल्कोहोल वजनी ९५.६ टक्क्यांपर्यंत येऊन थांबतं. ते मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्याही किंचित आधी उकळतं, आणि वाफेत व द्रवात प्रमाण सारखंच राहतं. पेट्रोलमध्ये मिसळायला उरलेलं पाणी काढावंच लागतं. हल्ली ते झिओलाइट या बारीक छिद्रांच्या खनिजासारख्या पदार्थामधून शोषून घेतात. पाणी राहिलं तर ते पेट्रोलमधलं अल्कोहोल ओढून घेऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करतं.

माजी विद्यार्थ्यांतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य द्यायचं चाललं आहे, त्यासाठी माझी एक मागणी. मोजपात्रांबरोबर चांगले थर्मामीटर घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची एक बाटली घ्या. त्याच्या रेणूची शेपटी इथेनॉलपेक्षा मोठी. भरपूर पाण्यात ते थोडं ओतलं तर मिश्रण तापतं. उलट नव्वद मिलिलिटर आयसोप्रोपिलमध्ये दहा मिलिलिटर पाणी घातलं, तर पारा खाली उतरतो. दोन्ही एकाच तासाला करून दाखवा, आणि कारण मुलांना लगेच सांगू नका.