विजयेंद्र घाटगे आणि आमचा जत्रेतला राजा

फोंडा, रविवार, रात्री

दुपारी 'चितचोर' लावला. १९७६चा सिनेमा. त्याचं नाव निघालं की अमोल पालेकर, झरीना वहाब आणि येसुदासचा आवाज यांच्याबद्दलच बोललं जातं, आणि त्यात गैर काही नाही. मी मात्र आज विजयेंद्र घाटग्यांवरच डोळा ठेवून बसलो होतो. घरचे लोक ओव्हरसियरला इंजिनियर समजून बसतात, मुलगी त्याच्यात गुंतते, आणि मग खरा इंजिनियर येतो, तो हा सुनील. दिसायला देखणा, वागायला सरळ, त्याची काडीचीही चूक नाही. तरी शेवटी बाजूला व्हायचं ते त्यानेच. असा माणूस पडद्यावर नकोसा न वाटू देणं फार कठीण आहे.

हा नट कोणत्या घरातला, हे आठवलं की मला जास्तच नवल वाटतं. कागलचे घाटगे, म्हणजे राजर्षी शाहूंचं जन्मघराणं. १८८४ साली ते तिथूनच कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. आई सीताराजे इंदूरच्या होळकरांची मुलगी. आजोबा तुकोजीराव तिसरे, मुंबईतल्या बावला नावाच्या व्यापाऱ्याच्या खून प्रकरणानंतर १९२६ साली गादी सोडलेले. आजी अमेरिकेची नॅन्सी मिलर, १९२८ साली हिंदू होऊन शर्मिष्ठादेवी झालेली. एवढं सगळं रक्तात. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले आणि पुढच्या पाच वर्षांत तुकोजीरावांचा नातू बासू चटर्जींच्या साध्यासुध्या सिनेमात दुसऱ्या नायकाचं काम करत होता. त्या कामात त्याला कुठे कमीपणा वाटलाय असं जाणवत नाही.

पुढेही तेच. 'प्रेमरोग'मध्ये (१९८२) तो लग्नानंतर लगेच मरणारा राजकुमार आहे. तिथली नायिका पद्मिनी कोल्हापुरे, आमच्या मंगेशीच्या दीनानाथांच्या नात्यातली, म्हणून आमच्या घरी तो सिनेमा आपल्याच माणसांचा असल्यासारखा पाहिला जायचा. 'बुनियाद' मालिकेतला लाला ब्रिजभान आईला अजून आठवतो. आणि 'देवदास'मधला (२००२) भुवन. पारोला वाडा, मान, सगळं देतो, पण मन पहिल्या बायकोपाशीच ठेवतो. शेवटी फाटक बंद करायचा हुकूम याचाच. मला तो खलनायक कधीच वाटला नाही. वाड्याची रीत सांभाळणारा, आतून वाळलेला माणूस वाटतो. त्याच्या वाट्याला आलेले हे नवरे बायकोला लाभले नाहीत, किंवा तिला आपलं म्हणू शकले नाहीत. आणि त्यातला एकही त्याने स्वस्तात काढला नाही.

आमच्या जत्रेच्या नाटकात या वर्षी राजा मी आहे. ड्रेपरीवाल्याचा मखमली अंगरखा, कानामागे करकचून बांधलेला मुकुट, कमरेला लाकडी तलवार. राजा म्हटला की आम्ही छाती काढतो, आवाज चढवतो, दोन पावलं जास्त चालतो. देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर थोडं करावंच लागतं, हेही खरं. पण आज घाटग्यांना पाहताना लक्षात आलं की ते राजेपण दाखवायला जातच नाहीत. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतात. मान स्थिर, हात जागच्या जागी. बोलायची घाई नाही.

बांदोड्याचे सोंदेकर राजे आठवले. हैदरअलीने कर्नाटकातलं सोंदे घेतल्यावर राज्य मागे टाकून तो राजा आमच्या या मुलखात येऊन राहिला. सत्ता गेल्यावर माणूस घरात कसा बसत-उठत असेल, याचा विचार मी भूमिका करताना कधी केला नव्हता. आमच्या नाटकातला राजाही तिसऱ्या अंकात हरलेलाच आहे, आणि मी तो प्रवेश येरझाऱ्या घालत, ओरडत करतोय.

उद्या तालमीला थोडं लवकर जाईन. दिग्दर्शकांना विचारायचंय, तो प्रवेश बसून केला तर चालेल का. बहुतेक म्हणतील, "अरे, मागच्यांना दिसणार नाहीस!" मग एक उंच चौरंग मागून घेईन.