मनगटी घड्याळावरून दिशा: डिसेंबर ते मे

डिसेंबर, राजगडाची पद्मावती माची, सकाळचे ९. घड्याळ आडवं धरायचं, तासकाटा सूर्याकडे रोखायचा, काटा आणि १२ यांमधला कोन निम्मा केला की दक्षिण. काटा रोखण्यासाठी मी तबकडीच्या कडेला काडी उभी धरतो आणि तिची सावली काट्यावर पाडतो, म्हणजे सूर्याकडे बघावं लागत नाही. होकायंत्राशी ताडल्यावर ८ अंशांचा फरक आला. (आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे होकायंत्र निर्धास्त वापरावं.)

हे ८ अंश प्रमाणवेळेचे. ती ८२.५ रेखांशाची, पुणे ७४च्या जरा अलीकडे. अंशाला ४ मिनिटं धरली तर आपला सूर्य ३५ मिनिटं मागे. ऋतूनुसार हा आकडाही हलतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १८, फेब्रुवारीच्या मध्याला ४९. डिसेंबरात त्या दिवसाची ३३ मिनिटं वजा करून पाहिलं आणि दक्षिण जवळजवळ नेमकी लागली. फार आनंद झाला!

पुढे मात्र बिघडत गेलं. सकाळच्या त्याच वेळी, त्या त्या दिवसाच्या आकड्याने तशीच दुरुस्ती करून फेब्रुवारीत ८ अंश चूक, विषुवदिनाच्या सुमारास २२. एवढ्या चुकीने किलोमीटरभर चाललं तर माणूस जवळपास ४०० मीटर बाजूला जातो. सह्याद्रीत म्हणजे दुसऱ्याच नाळेच्या (डोंगरातल्या चिंचोळ्या घळीच्या) तोंडाशी. मेच्या मध्याला घड्याळाने दाखवलेली दक्षिण चक्क आग्नेय होती.

कारण सरळ आहे. सूर्य क्षितिजावरून तासाला १५ अंश सरकतो असं ही पद्धत धरून चालते. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात तो सकाळभर पूर्वेलाच उभा चढतो आणि माध्यान्हीला झपाट्याने पश्चिमेकडे जातो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य उत्तरेलाच असतो. युरोपातली ही युक्ती इथे बारमाही चालणारच नाही.

म्हणून मार्चपासून मी शंकूवर, म्हणजे रोवलेल्या काठीच्या सावलीवर आलोय. कात्यायन शुल्बसूत्र या वेदी रचण्याच्या प्राचीन संस्कृत ग्रंथातली रीत: सपाट जमिनीत काठी रोवायची, काठीच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ आखायचं, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खुणा करायच्या. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. वेळ खूप जातो, पण मुक्कामाच्या ठिकाणी याला तोड नाही, आणि घड्याळ लागतच नाही.

पावसाळ्यानंतर नोव्हेंबरच्या नोंदी घेणार आहे. कोकणात किंवा विदर्भात कोणी हे करत असेल तर तुमचे आकडे हवेत. नागपूरला वेळेची दुरुस्ती बरीच कमी लागेल.