जेन्नेची मशीद दरवर्षी का लिंपतात

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर, आणि कधी सार्वजनिक व्याख्यानात, मी मालीतील जेन्ने या शहराविषयी बोलते. तिथल्या मोठ्या मशिदीचे छायाचित्र पडद्यावर आले की थोड्याच वेळात कुणीतरी विचारते, ‘एवढी प्रचंड इमारत मातीची आहे आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर सगळे शहर मिळून ती लिंपते, तर एकदाच सिमेंटचा गिलावा करून ही कटकट संपवत का नाहीत?’ विचारणाऱ्यांपैकी अनेकांचे आजोळ मातीच्या घरात होते. मराठवाड्यातल्या माळवदावर दर उन्हाळ्यात नवी माती चढवावी लागे आणि त्या कामात घरच्या बायकामाणसांची कंबर कशी मोडे, हे त्यांना ठाऊक असते, त्यामुळे या प्रश्नाला अनुभवाचा आधार आहे. त्याला मान देऊन उत्तर द्यायचे, तर ते सवडीने द्यायला हवे.

जेन्ने हे नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशातले, बनी नदीच्या पूरमैदानात वसलेले शहर आहे. पुराच्या महिन्यांत ते जवळजवळ बेट होते. शेजारीच जेन्ने-जेनो हे उत्खनन झालेले स्थळ आहे, जिथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून वस्ती होती, म्हणजे या मातीत नगररचनेचा अनुभव दोन हजार वर्षांहून जुना आहे. दगड नाही, इमारती लाकूड दुर्मीळ. दरवर्षी पूर मागे ठेवून जातो तो गाळ मात्र विपुल. त्या गाळाच्या उन्हात वाळवलेल्या विटांनी हे शहर उभे आहे, आणि त्याच्या मध्यभागी, सोमवारचा बाजार भरतो त्या चौकात, पुरापासून वाचण्यासाठी सुमारे तीन मीटर उंच केलेल्या चौथऱ्यावर ही मशीद आहे. पूर्वेच्या भिंतीवर तीन मनोरे, त्यांच्या निमुळत्या टोकांवर शहामृगाची अंडी, आत नव्वद जाडजूड खांब, आणि सगळ्या भिंतींतून बाहेर डोकावणाऱ्या ताडाच्या लाकडांच्या जुड्या, ज्यांना तिथे तोरॉन म्हणतात. छायाचित्रात या जुड्या नक्षीसारख्या दिसतात, आणि त्या नक्षी आहेतही. पण लिंपणाच्या दिवशी गवंडी त्यांच्यावरच पाय ठेवून वर चढतात. दुरुस्तीची परांची इमारतीच्या अंगातच ठेवलेली आहे. ज्यांनी ती बांधली, त्यांनी ती कधीच ‘पूर्ण झाली’ असे मानले नव्हते, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसऱ्या कुठल्या मोठ्या वास्तूत माहीत नाही.

आता सिमेंटविषयी. मातीची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडून देते. उन्हात ती किंचित फुगते, थंडीत किंचित आकसते. सिमेंटचा थर कडक असतो आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. दोन्हींची चाल वेगळी असल्यामुळे थराला बारीक भेगा पडतात, भेगांतून पावसाचे पाणी आत जाते, आणि आत गेलेले पाणी पुन्हा बाहेर पडू शकत नाही. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून माती भुसभुशीत होत जाते. ही पुस्तकी भीती नाही. जेन्नेच्या उत्तरेकडे असलेल्या मोप्ती शहरातल्या कोमोगेल मशिदीच्या वरच्या भागावर १९७८ मध्ये चांगल्या हेतूने सिमेंट चढवले गेले. त्याने मूळ बांधकामाचे इतके नुकसान झाले की २००४ ते २००६ या काळात आगा खान ट्रस्टच्या जीर्णोद्धारात ते काढून पुन्हा माती लावावी लागली. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा चाळीस अंशांच्या वर असतो, तिथे जाड मातीच्या भिंतींमुळे आत मिळणारा गारवा हीच प्रार्थनेला आलेल्या माणसाची मोठी सोय असते.

एवढ्यावर अभियंत्याचे समाधान होते आणि पुष्कळदा माझे व्याख्यानही इथेच संपते, कारण वेळ संपलेली असते. पण माझे खरे उत्तर याच्या पुढे सुरू होते.

जेन्नेची पहिली मशीद तेराव्या शतकात, कोई कोनबोरो या राजाने इस्लाम स्वीकारल्यानंतर उभी राहिली, असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासिना राज्याच्या सेकू अमादूने शहर जिंकले. त्याला ती मशीद पसंत नव्हती. त्याने तिची देखभाल होऊ दिली नाही आणि वेगळी मशीद बांधली. १८२८ मध्ये फ्रेंच प्रवासी रेने काइये तिथे पोचला, तेव्हा जुन्या मशिदीत हजारो पाकोळ्यांनी घरटी केलेली त्याला दिसली. आज उभी असलेली वास्तू १९०६-०७ मधली आहे. ती फ्रेंच राजवटीत, जुन्या जागेवर, जेन्नेच्या गवंड्यांनी त्यांचे प्रमुख इस्माइला त्राओरे यांच्या देखरेखीखाली बांधली. तिच्या रूपात फ्रेंचांचा वाटा किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला त्या वादापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते: जुनी मशीद मोडायला कुणाला हातोडा उचलावा लागला नाही. माणसांनी यायचे थांबवले आणि उरलेले काम पावसाने केले. म्हणजे ही मशीद आज उभी आहे ती दरवर्षी कुणीतरी तिच्याकडे येते म्हणून.

आणि येतात ते सगळे येतात. लिंपणाच्या काही दिवस आधी नदीकाठची माती खड्ड्यांत भिजत घातली जाते, तिच्यात भाताचे तूस मिसळले जाते आणि मिश्रण कुजू दिले जाते, कारण कुजलेल्या तुसाने मातीला चिकटपणा येतो आणि वाळताना ती कमी तडकते. खड्ड्यांतला चिखल तुडवण्याचे काम लहान मुलांकडे असते. ती तो खेळता खेळता करतात. बायका आणि मुली पाणी आणतात. आदल्या रात्री ढोल आणि गाणी चालतात. पहाटे पोरे टोपल्यांतून चिखल घेऊन धावत सुटतात; कुठल्या पेठेचा चिखल आधी पोचतो, यावर शर्यत असते आणि तिचा मान वर्षभर पुरतो. गवंडी तोरॉनवर आणि लाकडी शिड्यांवर चढून हाताने गिलावा थापतात, वरून खाली सारखा करत येतात. आणि ज्यांचे हात आता थकले आहेत, ते वृद्ध गवंडी चौकात मानाच्या जागी बसून पाहतात. मला हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ते नुसते मानाला बसलेले नसतात, त्यांची नजर कामावर असते. बालवाडीपासून परीक्षकांपर्यंत बांधकामाचे सगळे शिक्षण त्या एका सकाळी, एका चौकात हजर असते.

उरलेले वर्षभर हे शिक्षण बारे तोन, म्हणजे गवंड्यांचा संघ, सांभाळतो. मुलगा लहानपणी उस्तादाच्या हाताखाली जातो, आधी चिखल वाहतो, मग विटा देतो, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या हाती भिंत येते. विटेच्या मापाइतकेच त्याला दुआ आणि संरक्षणाचे मंत्रही शिकावे लागतात. पायाभरणी त्यांच्यावाचून होत नाही. घर आणि गवंडी यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे असते: एका कुटुंबाचा गवंडी ठरलेला असतो, त्याच्या बापाने यांच्या आजोबांची भिंत बांधलेली असते, आणि घरमालकाला परस्पर दुसरा गवंडी बोलावणे शोभत नाही. वास्तुकलेच्या शाळांत आम्ही घराचा नकाशा शिकवतो. त्या घराची पुढची पन्नास वर्षे कोण काळजी घेणार, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात जवळपास नाहीच, आणि ही उणीव मला दरवर्षी अधिक खटकते.

या नात्यात हक्कही आहे, आणि तो किती खोल आहे हे २००६ मध्ये जगाला दिसले. त्या सप्टेंबरमध्ये जीर्णोद्धाराची पाहणी करणारे तज्ज्ञ मशिदीच्या छतावर काम करत असताना शहरात संताप उसळला. जमाव मशिदीत शिरला, अमेरिकी दूतावासाने भेट दिलेले पंखे उखडून टाकण्यात आले, शहरातही नासधूस झाली. दंगलीचे समर्थन मी करणार नाही. पण ‘आपल्याला न विचारता आपल्या छताला कुणी हात लावला’ ही वेदना समजून घेतल्याशिवाय त्या शहरात काम करता येणार नाही, हे मदत करणाऱ्यांनाही कळले असावे, कारण पुढे जीर्णोद्धार झाला तो जेन्नेच्या गवंड्यांच्या हातांनीच झाला. जे शहर भिंतीला दरवर्षी हात लावते, ते शहर त्या भिंतीवर मालकी सांगते. सिमेंटचा गिलावा ठेकेदार करून गेला असता, तर हा हक्क त्याच्याबरोबर निघून गेला असता.

मात्र दरवर्षीच्या लिंपणाने सगळे आपोआप सुरळीत होते, असा समज मी कुणाचा करून देऊ इच्छित नाही. थरावर थर चढत गेल्याने भिंतींवर आणि छतावर मातीचा भार वाढतो. नोव्हेंबर २००९ मध्ये एका दिवसात ७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. जीर्णोद्धारात हे साचलेले जुने थर उतरवण्यात आले. आणि मशिदीपेक्षा कठीण प्रश्न साध्या घरांचा आहे. मशिदीसाठी सगळे शहर येते. विधवेच्या घरासाठी येत नाही, तिला गवंड्याची मजुरी आणि तुसाचे पैसे स्वतः द्यावे लागतात. म्हणून अनेकांनी भिंतींना भाजलेल्या मातीच्या फरश्या लावून घेतल्या, ज्यामुळे लिंपणाचा खर्च वाचतो. वारसा जपणाऱ्यांना हे रूप मानवत नाही. १९८८ पासून जेन्ने जागतिक वारसा यादीत आहे, २०१६ पासून ते धोक्यातील वारशाच्या यादीतही आहे. त्या मानाबरोबर घराचे रूप न बदलण्याची सक्ती येते, पण ते रूप राखण्याचा खर्च मात्र येत नाही. अंधाऱ्या खोल्या, छोट्या खिडक्या, दर उन्हाळ्याचा खर्च हे सगळे सोसून कुणी आपल्यासाठी सुंदर राहावे, असे दुरून सांगणे मला अन्यायाचे वाटते. फरशी लावणाऱ्या घरमालकाला दोष देण्याआधी त्याच्या घराची डागडुजी कोणाच्या जबाबदारीची आहे, हे ठरवले पाहिजे.

गवंड्यांचा संघ टिकल्याने काय साधते, याचे उत्तर मालीतल्याच तिंबक्तू शहरात मिळाले. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात असताना तिथल्या संतांच्या समाध्या कुदळ-फावड्यांनी पाडल्या गेल्या. जागतिक वारसा यादीतल्या सोळांपैकी चौदा नष्ट झाल्या. २०१४-१५ मध्ये त्या पुन्हा बांधल्या गेल्या, आणि त्या तिंबक्तूच्याच गवंड्यांनी बांधल्या, ज्यांच्या घराण्यांकडे त्या समाध्यांची निगा परंपरेने होती. उरलेले पाये, जुनी छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधाराने काम झाले. या विध्वंसाबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये एका आरोपीला नऊ वर्षांची शिक्षा सुनावली, ती योग्यच होती. पण भिंती परत आल्या त्या बांधणारे हात शिल्लक होते म्हणून.

कधी असेही विचारले जाते की हे लहान, जुन्या शहरांत ठीक आहे, लाखोंच्या वस्तीत कसे जमेल? तिथे मी डाकारचे उदाहरण देते. १९९० च्या सुमारास, पालिकेची कचरा उचलण्याची व्यवस्था कोलमडलेली असताना, सेनेगलच्या या राजधानीतल्या तरुणांनी आपापल्या वस्त्या झाडल्या, गटारे उपसली आणि भिंतींवर चित्रे काढली: सूफी गुरू, वसाहतवाद्यांशी लढलेले वीर, नेल्सन मंडेला. टाकाऊ वस्तूंची शिल्पे चौकांत उभी राहिली, गल्ल्यांना नवी नावे मिळाली. ‘सेत सेताल’ नावाने ती चळवळ ओळखली जाते आणि मला ती मनापासून आवडते. पण काही वर्षांत तिचा जोर ओसरला आणि बरीच चित्रे फिकी पडून गेली, कारण पुढच्या वर्षी भिंत कुणी रंगवायची, नवख्याला कुणी शिकवायचे, हे ठरवणारी बारे तोनसारखी व्यवस्था तिच्यामागे नव्हती. उत्साहाने शहर एकदा रंगते. दुसऱ्यांदा रंगवण्यासाठी संघटना लागते.

तेव्हा सिमेंट का नाही, याचे माझे उत्तर असे आहे की त्याने भिंत वाचणार नाही आणि गवंडी नक्की जाईल. मालीतल्या अशांततेमुळे जेन्नेत पर्यटक येईनासे झाले आहेत, शहराचे उत्पन्न आटले आहे, आणि चार पैसे दुसरीकडे मिळत असतील तर उस्तादाच्या हाताखाली इतकी वर्षे चिखल वाहायला किती मुले राहतील, याची मला काळजी वाटते. जेन्नेसाठी काही करावे असे वाटणाऱ्या संस्थेने अहवाल आणि फलक यांच्याआधी दोन गोष्टींसाठी पैसे द्यावेत: शिकाऊ मुलांच्या विद्यावेतनासाठी, आणि ज्या घरांना लिंपण परवडत नाही त्यांच्या तुसासाठी आणि मजुरीसाठी. आणि ते पैसे कुठल्या घराला आधी द्यायचे, हे चौकात मानाच्या जागी बसणाऱ्या त्या वृद्ध गवंड्यांना ठरवू द्यावे.