उजनीच्या पाण्याखालचा नकाशा

उजनी धरण 'मायनस'मध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून फक्त तळाचा साठा उरला, की काठावरच्या पळसदेवला जावंच. पण जाताना धरणापूर्वीचा, एक इंचाला एक मैल प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशा जवळ हवा. ४७ जे/१५ आणि ४७ जे/१६ या दोन पत्रकांत भिगवण, डिकसळ, पळसदेवचा पट्टा येतो.

आम्ही मे महिन्यात गेलो. पुण्याहून भिगवण साधारण शंभर किलोमीटर, पळसदेव त्याच सोलापूर रस्त्यावर थोडं पुढे. काठावर उभं राहून नकाशा उघडला आणि समोरचं पाणी वाचता येऊ लागलं. या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर ५० फुटांना असतात. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे १६३० फूट. त्यामुळे १६०० आणि १६५० च्या रेषांमध्ये, वरच्या रेषेकडे थोडं झुकून बोट फिरवलं की भरलेल्या धरणाचा काठ उमटतो. त्याच्या आत येणारी सगळी गावठाणं, पायवाटा, मळे १९८० च्या सुमारास बुडाले. जुनं पळसदेव त्यातलंच. पाणी ओसरल्यावर पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, तेव्हा त्याच्याभोवती एक नांदतं गाव होतं हे नकाशा ठामपणे सांगतो.

मला सर्वांत जास्त हलवलं ते ओढ्यांनी. नकाशावर कोरडे ओढे काळ्या रेघांचे, पाणी असेल तेवढंच निळं. तो काळा, तहानलेला मुलूख मनात ठेवून आजचा काठालगतचा ऊस पाहा. हे पाणी कुणाच्या जमिनीवर उभं आहे, ते धरणग्रस्तांना वेगळं सांगावं लागत नाही.

डिकसळचा जुना पूल चुकवू नका. नकाशावर मुंबई–मद्रास रेल्वे तिथूनच भीमा ओलांडते; धरणामुळे लोहमार्ग हलवला आणि पूल रस्त्याच्या कामी आला. गाडी घालण्याआधी मात्र गावात चौकशी करा.

नकाशा फोनवर चढवताना मंदिर, पूल अशा न हललेल्या खुणांवर बसवून घ्या. जुनी मोजणी पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' मापावर केलेली आणि जीपीएसचं माप वेगळं, म्हणून जीपीएसचा ठिपका सरकलेला दिसतो. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वाट काढू नका, वरून सुकलेला दिसला तरी पाय खोल जातो. गाळपेर केलेल्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतलेल्या रानातून जायचं तर आधी विचारा. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेटशिवाय बसू नका आणि वारा सुटला असेल तर बेत रद्द करा: मे २०२४ मध्ये कळाशी–कुगाव दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले.