हो, किब्बरला जातो. नाही, हिमबिबट्याचे फोटो नाहीत.

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि लग्नात, लिफ्टमध्ये, ऑफिसात सगळेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. भर जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीत किब्बरला जातो, म्हणजे हिमबिबट्याचे फोटो असणारच, मग दाखवत का नाही? नाहीयेत हो. डोंगर आहेत, बर्फ आहे, सावल्या आहेत.

यावर "डोंगर तर उन्हाळ्यातही असतात की" हे ठरलेलं. असतात, पण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो आणि सगळं सपाट दिसतं. जानेवारीत भर दुपारीसुद्धा ऊन तिरकं, त्यामुळे वाऱ्याने बर्फावर काढलेली एकेक रेघ दिसते, आणि सावली निळी पडते, खरंच निळी, कारण तिथे उजेड पोचतो तो फक्त आकाशाचा. एडिटिंगमध्ये घातलेली नाही (हेही विचारून झालंय). कॅमेऱ्याला एवढं पांढरं झेपत नाही, तो बर्फ करडा करून टाकतो, मग हाताने एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप वाढवायचा, त्यासाठी उणे वीसमध्ये ग्लव्ह काढायचा. बॅटऱ्या थर्मलच्या आत, अंगाला चिकटून, नाहीतर बघता बघता उतरतात.

आता किब्बरजवळच्या चिचमच्या पुलापाशी मागे एकदा काय झालं ते. जीपमधले बाकी सगळे बिबट्यावाले, सहाशेच्या (६०० मिमी, लांबचं जनावर जवळ आणणाऱ्या) लेन्स घेऊन आलेले. मी त्यांच्यात का, तर जीपचं भाडं वाटलं जावं म्हणून, दुसरं काही नाही. दरीपलीकडे ढग फाटून ऊन कड्याकडे सरकत होतं, मी ट्रायपॉड लावून बसलेलो, तेवढ्यात वॉकीटॉकीवर निरोप आला, वरच्या नाल्यात दिसलाय. सगळे पळाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. पण एकट्याला दरीच्या काठाशी सोडायचं नाही म्हणून आमचा गावातला स्पॉटर माझ्यापाशी थांबला, आणि खडकात जनावर नेमकं कुठे बसलंय हे दाखवणारी नजर होती फक्त त्याची. त्यांना वर खडकच दिसत राहिले. माझं ऊन? कड्याच्या अलीकडेच ढगात गेलं.

रात्री खोली तापवणाऱ्या तंदूरभोवती कोणी माझ्याशी बोलेना. मी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलो, गरम खोलीत लगेच उघडली तर लेन्सवर पाणी धरतं. शेवटी एकजण म्हणाला, "याच्यासाठी किती वर्षं पैसे साठवले होते रे." त्याला काय उत्तर देणार?

मी स्पॉटरला थांब म्हटलं नव्हतं, हे आजही म्हणतो. पण त्याने दोनदा चला म्हटलं तरी उठलो नाही, तेही खरंच. आणि माझ्याकडे सहाशेची लेन्स असती तर? तेव्हा घरी ठणकावून सांगितलं होतं, मला जनावरांत रस नाही म्हणून. तोच मी हल्ली लेन्स भाड्याने कितीला मिळते ते बघत असतो, उगाच.

यंदा जीप वेगळी केलीये, भाडं एकट्याच्या डोक्यावर. स्पॉटर मात्र तोच. फोनवर त्यानेही हेच विचारलं, "सर, इस बार लेपर्ड या पहाड़?" म्हटलं, आल्यावर बघू.