जुन्या परसबागेत तण कोणतं, झाड कोणतं?

आजी-आजोबांची परसबाग ताब्यात आली की पहिला मोह होतो सगळं खुरपून काढायचा. निदान एक पावसाळा थांबा. भुईचाफा आणि हळद यांची पानं उन्हाळ्यात जमिनीवर दिसतच नाहीत. मोकळी वाटणारी जागा खणली की कंद तुटतात. भुईचाफ्याला तर आधी फुलं येतात, पानं मागाहून.

सर्वात फसवतो तो लव्हाळा. त्याची पात रेन लिलीसारखी दिसते. फुलाचा दांडा बोटांत फिरवून पाहा: तीन कडा लागल्या तर लव्हाळा. लिलीचा दांडा गोल, आणि बुडाशी कांद्यासारखा कंद. लव्हाळा नुसता उपटला तर पात हातात येते, काळी गाठ मातीतच राहते आणि पुन्हा फुटते. म्हणून वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, खुरप्याने वीतभर खोल जाऊन गाठी वेचा, उन्हात पूर्ण वाळवा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

गाजर गवताचं कोवळं रोप जमिनीसरशी पसरतं आणि शेवंतीसारखं वाटतं. शेवंतीचं पान जाडसर असतं, चुरगाळलं की तिचा ओळखीचा वास येतो. गाजर गवत मात्र चुरगाळू नका, अंगाला खाज सुटते. हातमोजे घालून, पांढरी फुलं येण्याआधीच मुळासकट काढा.

घोळ आणि दुधी (दुधी भोपळा नव्हे, त्या नावाचं तण) शेजारी उगवतात. देठ मोडा: पांढरा चीक आला तर दुधी, ती काढा. मांसल पानांची, चीक नसलेली घोळ राहू द्या, भाजी छान होते.