पानशेत फुटलं तेव्हा अण्णा तिसरीत होते

२०२१ ची घटस्थापना ७ ऑक्टोबरला, गुरुवारी आली होती. राज्यातली देवळंही त्याच दिवशी पुन्हा उघडली. हडपसरच्या गाडीतळाजवळ आमचं तिकीट-व्हिसाचं ऑफिस आहे. सणाचा दिवस, त्यात दीड वर्षात धंदा असा काही उरलाच नव्हता, त्यामुळे शटर अर्धंच वर ठेवून मी एकटी बसले होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही तग धरला तो लोकांची लसीकरणाची नोंदणी करून देऊन. विमानाचं तिकीट काढणारी बाई पहाटे स्लॉट पकडायला उठायची, असे ते दिवस.

अण्णा आणि मावशी, आमचं गिऱ्हाईक असलेलं म्हातारं जोडपं, दुपारी दोनला येणार होते. वेळ मीच दिली होती. ब्रिटनला जायचं तर ‘पॅसेंजर लोकेटर फॉर्म’ भरावा लागे, आणि तो पोहोचण्याआधी ४८ तासांच्या आतच भरता यायचा. शनिवारी पहाटे मुंबईहून विमान, म्हणजे गुरुवारी दुपारी फॉर्म, असा हिशेब. त्यांच्या मुलीचं लेस्टरला बाळंतपण, तारीख २० ऑक्टोबरची. तिथे उतरल्यावर दहा दिवस तिच्याच घरात वरच्या खोलीत कोंडून घ्यायचं आणि १९ तारीख संपली की खाली उतरायचं. एका दिवसाचीही सवड नव्हती.

“घट बसवून लगेच निघालो,” मावशी आल्या आल्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर नाराजी स्पष्ट होती. “घट उठल्याबिगर घर सोडायचं नसतं. पर काय करायचं, पोर तिकडं एकली.”

सकाळीच दोघांच्या नाकातोंडात काड्या घालून झाल्या होत्या. अण्णा अजून मधूनच नाक चोळत होते. मी फॉर्म उघडला. नाव, पासपोर्ट, सीट नंबर, तिथला पत्ता, दुसऱ्या आणि आठव्या दिवशीच्या चाचण्यांचे बुकिंग नंबर. मग लसीचा प्रश्न आला. मी ‘नाही’वर टिचकी मारली.

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण ‘येस’ आणि ‘नो’ कुणाला कळत नाही?

“ताई, चुकलं तुमचं. आमचे दोन्ही डोस झाल्यात.”

“माहितीये अण्णा. पण ‘नाही’च भरावं लागतं.”

“खोटं भरायचं?”

आता याला काय उत्तर देणार? ब्रिटनने १७ सप्टेंबरला नवे नियम जाहीर केले, ४ ऑक्टोबरपासून लागू होणारे. सुरुवातीला त्यांच्या यादीत कोविशिल्डचं नावच नव्हतं. मूळ लस ऑक्सफर्डची, ॲस्ट्राझेनेकाची; आमच्या शेजारच्या मांजरीत, सीरम कंपनीत बनली की तिचं नाव कोविशिल्ड, एवढाच फरक. त्याच वर्षी सीरमने बनवलेले पन्नास लाख डोस खुद्द ब्रिटनने नेले होते. आपल्या सरकारने आवाज उठवला, तेव्हा २२ सप्टेंबरला यादीत कोविशिल्ड आली. पण भारत हा देश आलाच नाही. लस मान्य, दाखला अमान्य. म्हणजे अण्णांच्या दंडात गेलेलं औषध खरं, पण ते गेलं असं सांगणारा कागद खरा कशावरून? त्यामुळे त्यांच्या लेखी अण्णा बिनलसीचे.

मी हे जमेल तसं समजावलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजी पोरगी पसंत हाय, पर पत्रिका बनावट हाय, असं म्हणत्यात की!”

मी हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या गच्चीवरून कंपनी दिसते. जानेवारीत तिथल्या इमारतीला आग लागून पाच माणसं गेली, तो धूर त्यांनी अंगणातून पाहिला होता. पहिल्या डोससाठी दोघं पहाटे पाचला केंद्रावर जाऊन रांगेत चपला ठेवून आले होते. आणि मी त्यांच्यासमोर ‘नाही, नाही’ असं दोनदा भरलं.

एक सांगायला हवं. दुसऱ्याच्या कागदावर शंका घेण्यात आपणही मागे नाही. केनियाला जाणारी गिऱ्हाइकं आम्ही कैक वर्षं पाठवतोय. त्यांना पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते आणि पिवळं पुस्तक मिळतं. ते नसताना कुणी तिकडून परत आलं तर आपलं विमानतळ त्याला सहा दिवस वेगळं ठेवतं, मग तो कितीही ओळखी सांगो. पण गंमत पाहा, त्या पुस्तकात असतं काय? डॉक्टरची सही, शिक्का, हाताने लिहिलेली तारीख आणि लसीचा बॅच नंबर. क्यूआर कोड नाही, काही नाही. तरी ते नैरोबीत चालतं आणि मुंबईतही चालतं, कारण सगळ्या देशांनी बसून एकच नमुना ठरवलाय. लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू, आणि २०१६ पासून जन्मभरासाठी. कोविडच्या वेळी असं बसायला कुणाला वेळच मिळाला नाही. युरोपचा दाखला वेगळा, आपला वेगळा, ब्रिटनचा वेगळा, आणि प्रत्येकाच्या क्यूआर कोडला दुसऱ्याचं मशीन अनोळखी.

अण्णा-मावशी गेले आणि साडेचारला मगरपट्ट्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या भावाचं तिकीट आम्हीच काढलं होतं. भाऊ तीस वर्षं बर्मिंगहॅमला, पासपोर्ट ब्रिटिश. आई रविवारी, ३ तारखेला गेली. तो मिळेल त्या विमानाने ५ तारखेला पोहोचला. पण ४ ऑक्टोबरपासून आपणही जशास तसं केलं होतं: ब्रिटिश नागरिकाने लस घेतलेली असो वा नसो, निघण्याआधी चाचणी, विमानतळावर चाचणी, आठव्या दिवशी चाचणी आणि दहा दिवस घरात बंद. त्यानेही दोन्ही डोस तिकडे ॲस्ट्राझेनेकाचेच घेतलेले.

“दहावा मंगळवारी आहे,” बाई म्हणाल्या. “ओंकारेश्वरावर. तेवढ्या दोन तासांसाठी काही अर्जबिर्ज करता येतो का?”

मला तरी असा अर्ज माहीत नव्हता. मी तसं सांगितलं. पलीकडून त्या म्हणाल्या, “तो आईच्या खोलीतच बसलाय हो. दार लावून. आम्ही ताट बाहेर ठेवतो.”

दहावा १२ तारखेला झाला, भाच्याच्या हातून. भावाने तो फोनवर पाहिला. आपल्या सरकारने तो नियम १३ तारखेला मागे घेतला.

असा सगळा दिवस. रात्री साधारण नऊला मी घरी उपवासाची भगर खात होते आणि मोबाइल थडाथडा वाजायला लागला. दिल्लीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तांनी, ॲलेक्स एलिस यांनी, व्हिडिओ टाकला होता: ११ ऑक्टोबरपासून कोविशिल्डचे किंवा त्यांना मान्य असलेल्या लसीचे पूर्ण डोस घेतलेल्या भारतीयांना विलगीकरण नाही. निघण्याआधीची चाचणी नाही, आठव्या दिवसाची नाही, फक्त दुसऱ्या दिवसाची एक.

हात धुऊन मी आधी अण्णांना फोन लावला.

“अण्णा, सोमवारनंतर उतरलात तर कोंडून घ्यायला नको. तिकीट पुढे ढकलू या?”

पलीकडे फोन मावशींनी ओढून घेतला. “सोमवार कशाला? दसरा झाल्यावर जाऊ की! घट उठू द्या. सोनं लुटू, आन मग निघू.”

हिशेब बरोबर होता. दसरा १५ ला, शुक्रवारी. १६ ला निघायचं, मुलीपाशी चार दिवस आधी पोहोचायचं. तिकिटाच्या फरकाचे पैसे लागतील म्हटल्यावर अण्णा म्हणाले, “लागू द्या. देवीनंच थांबवलंय.” चाचण्यांच्या आधी भरलेल्या पौंडांसाठी मी पुढे दोन महिने मेल करत राहिले, तो वेगळा विषय.

मला खरा घाम फुटला तो यानंतर. दोघं शनिवारी बिनलसीचे म्हणून जाणार होते, तेव्हा त्यांचे दाखले कसेही असले तरी चालत होतं. मी ते धड पाहिलेही नव्हते. आता दाखल्यालाच किंमत आली. ब्रिटनला त्यावर काय हवं ते मला पाठ होतं: पूर्ण नाव, पूर्ण जन्मतारीख, लसीचं आणि कंपनीचं नाव, प्रत्येक डोसची तारीख, देश. शेवटचा डोस होऊन चौदा दिवस उलटलेले हवेत. आपल्या कोविनच्या, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलच्या, दाखल्यावर जन्मतारीख नसायची, नुसतं वय असायचं, आणि वादाचं एक कारण ते होतं. सप्टेंबरअखेरीस परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण तारीख टाकायची सोय कोविनने केली.

मावशींचा दाखला ठीक होता. अण्णांचा उघडला आणि पासपोर्टची झेरॉक्स शेजारी धरली. दाखल्यावर नावापुढे ‘राव’ लागलेलं, पासपोर्टवर ‘राव’ नाही. पासपोर्टवर जन्म १ जून १९५३. दाखल्यावरच्या वयावरून साल निघत होतं १९५६.

पुन्हा फोन.

“अण्णा, आधार कार्ड बघा. जन्मतारीख काय आहे?”

“तारीख नाय. नुसतं साल हाय. छप्पन.”

“आणि पासपोर्टवर त्रेपन्न कसं?”

“त्यो शाळंच्या दाखल्यावरनं काढला. आधारवाल्या पोरानं इचारलं, आजोबा वय काय? म्या म्हणलं, आसंल पंचावन-छप्पन. त्यानं लिवलं छप्पन.”

म्हणजे पंचावन्न-छप्पन हे वय आणि सन छप्पन हे साल, यांची त्या पोराने गाठ मारून टाकली होती. ‘राव’ही त्यानेच बहाल केलं असणार.

“मग खरं साल कुठलं, अण्णा?”

“आता कुणाला ठावं? आई म्हणायची, सुगीत झालास.”

सुगीत झालेला मुलगा १ जूनचा कसा? पण हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गावोगावची निम्मी म्हातारी माणसं १ जूनची आहेत. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी पोराला उचलून पहिलीत बसवायचे आणि सहा वर्षं पूर्ण दिसावीत म्हणून रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे व्हायचे. लंडन ज्या तारखेसाठी अडून बसलं होतं ती आमच्याकडे गुरुजींनी नेमून दिलेली असते.

कोविनवर नाव, जन्मसाल, लिंग यांतली दुरुस्ती एकदाच करता येत असे. एकदा सबमिट केलं की गेलं. म्हणून मला खात्री हवी होती. मी उगाच खोदून विचारत राहिले आणि अण्णा अचानक म्हणाले, “पानशेत फुटलं तवा म्या तिसरीत व्हतो.”

“नक्की?”

“नक्की म्हंजी? वरच्या वर्गात बसून म्हैनाच झालेला. शाळा सोडून समदी पोरं नदीला. मुळा-मुठा अशी फुगल्याली. पलंग येतोय, ट्रंका येत्यात, एक सागवानी कपाट उभंच्या उभं आलं. आमच्या आळीतल्या एकानं दोर टाकून वढलं. आत कोऱ्या वह्या. भिजल्याल्या. त्या वाळवून म्या तिसरीचा आभ्यास केला.”

पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. ६१ च्या जूनमध्ये तिसरीत, म्हणजे ५९ ला पहिलीत, म्हणजे गुरुजींच्या लेखी जन्म ५३ चा. छप्पन असतं तर पूर आला तेव्हा अण्णा पाच वर्षांचे, वह्या वाळवणार कुठून? मी पासपोर्टवरचं साल धरून चालले.

लॉगिनचा ओटीपी पुतण्याच्या मोबाइलवर जायचा. पुतण्या देवळं उघडल्याच्या आनंदात तुळजापूरला, रांगेत. तीन मिनिटांत आकडा टाकायचा. पहिला ओटीपी त्याने पाहिलाच नाही. दुसऱ्या वेळी त्याने सांगितलेले चार आकडे ऐकू आले आणि मग ‘आई राजा उदो उदो’ एवढंच ऐकू आलं. तिसऱ्यांदा त्याने मेसेजच पुढे पाठवला, मला तो एक सेकंद राहिलेला असताना मिळाला. चौथ्यांदा जमलं. दोन दुरुस्त्या एकदमच भरल्या: नाव आणि साल. बटण दाबण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून तीनदा वाचलं. आमच्या आईने विचारलं, परीक्षा आहे का?

शुक्रवारी दुपारी दाखला बदललेला दिसला. पासपोर्ट नंबर जोडला, पूर्ण तारीख टाकली. ‘१ जून १९५३’ असं छापून आलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळी वाजवली, हे खरं. अण्णांनी त्याचे चार रंगीत प्रिंट काढून घेतले आणि चारही लॅमिनेट केले.

१६ ला दोघं गेले. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने दाखला पाहिला, पासपोर्टशी ताडला आणि बोर्डिंग पास दिला. हीथ्रोवर कुणी विचारलंच नाही, म्हणून अण्णा जरा खट्टू झाले होते. एक प्रत त्यांनी शर्टाच्या खिशात वरच ठेवली होती.

पाच दिवसांनी सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल आला. मुलगी झाली होती. अण्णांनी कॅमेरा बाळाच्या पायाजवळ नेला. पायात हॉस्पिटलची पट्टी, तिच्यावर तारीख, आणि वेळ मिनिटासकट. “बघा, ल्हिऊन दिलंय,” ते म्हणाले. मागून मावशींचा आवाज आला, “अवो, ताईला इचारा की! तिला ठावं आसंल.”

“काय विचारायचंय?”

“पत्रिका करायचीय गुरुजींकडं,” अण्णा म्हणाले. “घड्याळात साडेचार तासांचा फरक हाय म्हणत्यात. वेळ हिकडची सांगायची का आपली?”